माझ्या नावावर तिचं मत

मला माझ्या धाकट्या जावेचा हेवा वाटतो, हे मी स्वतःशी पहिल्यांदा कबूल केलं ते एका रविवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना. खालच्या पुढच्या खोलीतून तिचं हसणं ऐकू येत होतं. शिलाई मशीन थांबलं होतं आणि ती फोनवर बोलत होती. पलीकडे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या दंतवैद्य बाई आहेत हे मला लगेच कळलं, कारण ‘मॅडम, पुढचा भाग तुमच्या दवाखान्यात बसून बघू की’ हे वाक्य मी नीट ऐकलं. हातातला चादरीचा पिळा मी तसाच धरून उभी राहिले. दंतवैद्य बाईंनी मला कधी फोन केला नव्हता.

आमचं घर जुळे सोलापुरात आहे. दोन भावांचं, दोन मजली. वर आम्ही, खाली धाकटे दीर आणि ती. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. ती अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातली. माहेरी घरात कानडी, शाळा दहावीपर्यंत. लग्न होऊन आली तेव्हा मराठी बोलताना अडखळायची. नंतर तिने शिवणक्लास केला, पुढच्या खोलीत मशीन टाकलं, आणि आता आमच्या भागातल्या निम्म्या बायका तिच्याकडून ब्लाउज शिवून घेतात. मला ती ‘अक्का’ म्हणते. आमचं कधी भांडण झालं नव्हतं. भांडावं इतकं मी तिला मनावरच घेतलं नव्हतं, असं म्हणणं जास्त खरं.

त्या वर्षी एक हिंदी मालिका मोबाईलवर येत होती. आठ भाग, दर शुक्रवारी एक. उत्तरेकडचं एक धुक्यातलं गाव, बंद पडलेला साखर कारखाना, कालव्यात सापडणारी बायकांची प्रेतं, आणि तपासाला आलेली एक इन्स्पेक्टर, जिची स्वतःची धाकटी बहीण वर्षांपूर्वी हरवलेली. मालिका इतकी काळोखी होती की आमच्या ग्रुपमधले निवृत्त मुख्याध्यापक दर आठवड्याला तक्रार करायचे, ‘पोलीस ठाण्यात एक बल्ब लावायला यांना काय होतं? मी चष्मा बदलून आलो, तरी दिसत नाही.’ तरी एकही भाग त्यांनी चुकवला नाही.

हा ग्रुप दंतवैद्य बाईंनीच काढला होता. मालिका बघणारे सोलापुरातले चाळीसेक लोक, बहुतेक एकमेकांना न भेटलेले. शनिवार-रविवारी नुसता गोंधळ चालायचा. इन्स्पेक्टरने संशयिताला कोठडीत मारलं ते बरोबर की चूक, यावर दोन दिवस वाद झाला. एका बँकेतल्या बाईंचं म्हणणं, एवढं भयाण दाखवायची गरजच काय, माणसाला आधीच कमी आहे का? त्यावर कुणीतरी लिहिलं, मग तुम्ही बघता कशाला? बाई म्हणाल्या, सुटत नाही म्हणून. आणि शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमारास माझा लेख यायचा.

लेखच म्हणते, कारण मी तो कॉलेजच्या अंकासाठी लिहावा तसा लिहायचे. आधी वहीत, मग मोबाईलवर. अंधार, धुकं, पाणी, इन्स्पेक्टरचं एकटेपण. एकदा दंतवैद्य बाईंनी लिहिलं, ‘मॅडम, तुमचं मत वाचल्याशिवाय भाग पाहिल्यासारखं वाटत नाही.’ तो संदेश मी फोनमध्ये जपून ठेवला. वीस वर्षं शिकवते आहे, पण कुणी माझं लिहिलेलं वाचायला थांबलंय ही गोष्ट मला नवी होती. तिची चटक फार लवकर लागली.

तिसऱ्या आठवड्यात जाऊ ग्रुपमध्ये आली. मी आणली नव्हती. दंतवैद्य बाई तिच्याकडे ब्लाउज टाकायला आल्या, मशीनशेजारी मोबाईलवर मालिका चालू होती, आणि त्यांनी तिथल्या तिथे तिला ग्रुपमध्ये घेतलं. तिला टाइप करायचा कंटाळा. ती बोलून पाठवायची. मागे मशीनचा आवाज, मध्येच दिरांना ‘दूध उतू जातंय बघा की’ अशी हाक, आणि मग मत.

तिचं पहिलं मत मला अजून पाठ आहे. ‘त्या इन्स्पेक्टरीणबाईची आई बघितली का? ती रडत न्हाय. पण ताटं घेताना तीन घेती आन् एक परत ठेवती. दोन येळा दाखवलंय. पोरगी जाऊन इतकी वर्सं झाली, तरी हात चुकतोय. मला तर तितंच रडू आलं. खून बिन ऱ्हाऊ द्या.’

मी तो भाग दोनदा पाहिला होता. ताट परत ठेवणारा हात मला दिसला नव्हता.

ग्रुपवर त्या दिवशी दुसरं काही चाललंच नाही. मुख्याध्यापकांनी लिहिलं, ‘ताई, आपण डोळे उघडलेत.’ बँकेतल्या बाईंनी रडण्याची चित्रं पाठवली. माझा लेख त्याच्याच खाली होता. त्याला दोन अंगठे आले. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा, आणि त्याने तो न वाचता दिला होता.

पुढच्या शनिवारी मी एक गोष्ट केली. जिन्यात ती भेटली तेव्हा सहज बोलल्यासारखं म्हणाले, “अगं, ग्रुपवर शिकलेली माणसं आहेत. जरा शुद्ध बोलत जा. तुझ्याच भल्यासाठी सांगते.”

ती पायरीवर थांबली. “व्हय अक्का? लई वाईट वाटतं का ऐकाया?”

“वाईट नाही. पण आपलं घर दिसतं ना त्यातून.”

“बरं,” ती म्हणाली.

त्या आठवड्यातलं तिचं मत शुद्ध होतं. ‘मला असे वाटते की सदर भाग चांगला आहे.’ एवढंच. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तासाभरात तीन जणांनी विचारलं, ‘ताई, तब्येत बरी नाही का? नेहमीसारखं बोला की!’ रविवारी ती पुन्हा पहिल्यासारखी बोलू लागली, आणि मला जिन्यात म्हणाली, “अक्का, त्यास्नी असंच पायजे म्हणं.” तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

पाचवा भाग आला त्या शनिवारी दुपारी ती वर आली. एका हातात शेंगाच्या पोळ्यांचा डबा, दुसऱ्या हातात फोन. “अक्का, मला एक दिसलंय. तुमी हुशार हाय, तुमी बघून सांगा माझं चुकतंय का.”

तिने भागातलं एक दृश्य थांबवलं. पोलीस ठाण्याच्या टेबलावर मेलेल्या बाईचा ब्लाउज ठेवलेला. मालिकेत आधीच सांगितलं होतं की खुनी बायकांचे फाटलेले कपडे पुन्हा शिवून त्यांना घालतो. त्यामुळे गावातल्या शिंप्यावर सगळ्यांचा संशय होता. ग्रुपमध्येही निम्मे लोक शिंपी म्हणत होते, आणि मीही तसंच लिहिलं होतं.

तिने चित्र मोठं केलं. “हे टाके बघा. शिंपी एका दोऱ्यात शिवत जातो, शेवटाला गाठ मारतो. हितं परत्येक टाक्याला येगळी गाठ हाय. आन् गाठीची टोकं बघा, केवढी लांब सोडल्याती. कापडाला असं कोण करतंय? आमच्या घरी बैलाला तार लागली व्हती, तवा जनावरांच्या डॉक्टरनं असंच शिवलं. एक टाका, एक गाठ, एक टाका, एक गाठ. मी दिवा धरून बसले व्हते, म्हणून ध्यानात हाय. हे शिंप्याचं काम न्हाय अक्का. हे त्या म्हाताऱ्या डॉक्टरचं काम हाय.”

मालिकेत एक म्हातारा पशुवैद्य होता. इन्स्पेक्टरला चहा पाजायचा, पोरी म्हणून हाक मारायचा. सगळ्या मालिकेत तेवढा एकच माणूस प्रेमळ होता. ग्रुपमध्ये सगळ्यांचा लाडका.

ती बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं.

“ग्रुपवर टाकलंस?” मी विचारलं.

“न्हाय की. आदी तुमाला दाखवावं म्हटलं. आता लग्नाचे ब्लाउज द्यायचेत, माणसं येऊन बसल्यात. उद्या सावकाश बोलते.” डबा ओट्यावर ठेवून ती खाली गेली.

मी अर्धा तास काही केलं नाही. पोळी खाल्ली. वही काढली, मिटली. मग पुन्हा उघडली. स्वतःला सांगितलं, मतं काय कुणाच्या मालकीची असतात? मला दाखवल्यावर मीही ते पाहिलंच ना? संध्याकाळी सात वाजता मी लेख टाकला. ‘टाक्यांची भाषा’ असं शीर्षक दिलं. त्यात शिंप्याचा दोरा होता, वेगळी गाठ होती, लांब सोडलेली टोकं होती, आणि शेवटी मालिकेतल्या सर्वांत प्रेमळ माणसाकडे बोट दाखवलेलं होतं. तिचा उल्लेख नव्हता. ‘नीट पाहणाऱ्याला दिसेल’ असं एक वाक्य मात्र होतं. ते मी का लिहिलं, हे आठवलं की आजही कानशिलं तापतात.

ग्रुप हादरला. वाद पेटला. ‘अशक्य!’ ‘डॉक्टरकाका नाहीच!’ ‘मॅडम, तुम्ही पोलिसात हव्या होतात!’ दंतवैद्य बाईंचा फोन आला. पहिल्यांदाच, मला. पंधरा मिनिटं बोलल्या. मी बोलत होते आणि माझं लक्ष खाली होतं. मशीन चालू होतं, थांबलं, बराच वेळ थांबलेलंच राहिलं, आणि पुन्हा चालू झालं.

रविवारी तिने ग्रुपवर काही पाठवलं नाही. सोमवारी जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, “डबा रिकामा झाला असंल तर द्या अक्का.” मी दिला. तिने माझ्याकडे पाहिलं, डबा घेतला आणि गेली.

मग तीन आठवडे वाट पाहणं. ते तीन आठवडे विचित्र होते. ग्रुपवर मी माझ्या मताच्या बाजूने भांडत होते आणि मनातून ते खोटं ठरावं असंही वाटत होतं. ठरलं असतं तर माझी फजिती झाली असती, पण तीही चुकली असती. मला ती चुकलेली हवी होती. मालिका बघायला बसले की म्हातारा डॉक्टर पडद्यावर आला रे आला, की मी त्याच्या निर्दोषपणाचे पुरावे शोधायचे. या काळात तिची मतं येतच नव्हती. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, ‘आमच्या ताई कुठे आहेत?’ तिने लिहून उत्तर दिलं, ‘लग्नसराई आहे सर.’

आठव्या भागात डॉक्टर पकडला गेला. टाक्यांवरूनच. इन्स्पेक्टरच्या हातावरच्या जखमेला तो टाके घालत असतो आणि ती त्याच्या बोटांकडे बघत राहते. संगीत नाही, काही नाही. फार चांगला प्रसंग होता. मी तो एकटीने पाहिला आणि मला त्यात काहीही आनंद झाला नाही.

ग्रुपवर मात्र माझा जयजयकार. दंतवैद्य बाईंनी ठरवलं, आता सगळ्यांनी एकदा भेटायलाच हवं. नवी पेठेजवळच्या एका हॉटेलातला वरचा हॉल, रविवारी सकाळी अकरा वाजता. ‘मॅडम थोडं बोलतील.’ मॅडम म्हणजे मी.

जावेलाही बाईंनी फोन करून आग्रहाचं बोलावणं केलं होतं. “अक्का, गाडीवर मला घ्याल का?” तिने विचारलं. नाही म्हणायला कारण नव्हतं. ती मागे बसली. सगळ्या रस्त्यात आम्ही ऊन किती वाढलंय एवढंच बोललो.

हॉलमध्ये पंचवीसेक जण होते. मी उठून बोलले. बरं बोलले; बोलायची सवय आहे. टाळ्या वाजल्या. मग मुख्याध्यापक उभे राहिले. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट, फार गोड माणूस. म्हणाले, “मॅडम, माझी एक शंका आहे. टाक्यांची टोकं लांब सोडतात हे तुम्ही बरोबर हेरलंत. पण का सोडतात? माणसाला टाके घालतात तेव्हा तर जवळ कापतात.”

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, “ती एक पद्धत असते.” आणि ते पुरेसं नाही असं दिसल्यावर पुढे म्हणाले, “माहेरी गुरं होती, तेव्हा पाहिलेलं.”

माझं माहेर रेल्वेच्या क्वार्टर्समधलं. दोन खोल्या. गुरं सोडा, आमच्याकडे मांजरही नव्हतं. या हॉलमध्ये हे माहीत असलेलं एकच माणूस होतं, आणि ते तिसऱ्या रांगेत हातात चहाचा कप धरून बसलेलं होतं.

“पण लांब का?” मुख्याध्यापकांनी पुन्हा विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला.

तिने कप खाली ठेवला. “मी सांगू का सर? जनावराच्या अंगावर केस असत्यात. टाका जवळ कापला तर नंतर काढताना सापडत न्हाय, केसात हरवतो. म्हणून टोकं लांब सोडत्यात. अक्का सुट्टीला आमच्या गावाकडं यायच्या, तवा तितं बघितलंय त्यांनी. माहेर म्हणजे माझं माहेर.”

सगळे हसले, वाहवा म्हणाले. कुणीतरी म्हणालं, जावा असाव्यात तर अशा. मी खाली बसले. माझी लाज तिने झाकली होती, आणि मला तिच्याबद्दल कृतज्ञता वाटायला हवी होती. वाटली ती वेगळीच गोष्ट. माझं मन म्हणालं, हेही हिलाच जमलं. चांगलं वागणंसुद्धा.

परतताना तिला नवी पेठेत हूक आणि अस्तर घ्यायचं होतं. गाडी दुकानासमोर लावली. गर्दी होती, रिक्षावाले ओरडत होते. ती उतरत होती तेव्हा मी म्हणाले, “तू का बोललीस तिथे?”

“मग काय करायचं व्हतं?”

“खरं सांगायचं होतंस.”

ती तशीच गाडीला धरून उभी राहिली. “मला राग आला व्हता अक्का. लई आला व्हता. तुमी ते लिवलं त्या दिवशी मी एका ब्लाउजची बाही उलटी लावली. ह्यांना सांगितलं, तर हे म्हणले जाऊ दे, घरातच हाय की. मी म्हटलं, घरात हाय म्हणूनच तर राग हाय. आज तितं म्हटलं, आता हिला पडू द्यावं. पण तुमचं तोंड बघवंना.” मग म्हणाली, “तुमाला लिवता येतं. मला येत न्हाय. तुमी माझं नाव घालून लिवलं असतं, तर मी आमच्या आईला वाचून दाखवलं असतं. एवढंच व्हतं.”

ती दुकानात गेली. मी गाडीवर बसून राहिले. एका रिक्षावाल्याने गाडी पुढे घ्या म्हणून दोनदा हॉर्न वाजवला.

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं. वहीत न लिहिता थेट. ‘टाक्यांचं मत माझं नव्हतं. माझ्या जावेचं होतं. तिने मला विश्वासाने दाखवलं आणि मी माझ्या नावावर टाकलं. माझं माहेर रेल्वे क्वार्टर्समधलं आहे.’ मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. लोक रागावतील, मला ग्रुपमधून काढतील. पण मालिका संपली होती, ग्रुपवर दुसऱ्याच एका मालिकेची चर्चा सुरू झाली होती. पाच-सहा जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. बँकेतल्या बाईंनी लिहिलं, ‘होतं असं कधीकधी.’ मुख्याध्यापकांनी तेवढा मला वेगळा संदेश पाठवला: ‘मला सकाळी हॉलमध्येच शंका आली होती. लिहिलंत हे बरं केलंत.’ शिक्षकाने शिक्षकाला पकडलं होतं. तो संदेश मी पुसून टाकला.

तिला मी खाली जाऊन फोनवरचं दाखवलं. तिने वाचलं, हळूहळू, ओठ हलवत. “रेल्वेचं कशाला लिवलं?” एवढंच म्हणाली. मग मला हातशिलाईचा ब्लाउज धरायला दिला आणि दिवा माझ्याकडे वळवला.

मालिकेचं दुसरं पर्व पुढच्या वर्षी आलं. तेव्हा ग्रुप तिच्याच मतांची वाट बघत होता. शनिवारी तिचा आवाज आला की मुख्याध्यापक लिहायचे, ‘आता बोला, कोर्ट बसलं.’ मी अजूनही लिहिते, पण छोटं. आणि हेवा गेला म्हणाल तर नाही गेला. एकदा तिचा अंदाज साफ चुकला. तिने ज्या बाईला खुनी ठरवलं होतं, तिचाच पुढच्या शुक्रवारी खून झाला. त्या शनिवारी मी दुपारभर खूश होते. भांडी घासताना गाणं म्हणत होते. नवऱ्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

संध्याकाळी ग्रुपवर एकाने तिची चेष्टा केली, ‘ताईंचा दोरा तुटला वाटतं.’ त्याखाली हसण्याची चित्रं येऊ लागली. मी फोन हातात घेतला आणि लिहिलं, ‘मागच्या खेपेला आपण निम्मे जण शिंपी म्हणत होतो, मीसुद्धा. एकटी ती बरोबर होती. एकदा चुकायचा हक्क तिला आहे.’ पाठवलं. थोड्या वेळाने खालून हाक आली, “अक्का, चहा टाकलाय, येताय का?”

मी गेले. चहात साखर जास्त होती. ती सांगत होती की तिला अजूनही वाटतं, ती बाई मेलेली नसणार, प्रेताचा चेहरा कुठे नीट दाखवलाय? मी म्हटलं, “गप गं, मेलीय ती.” आणि मनात म्हटलं, देवा, मेलेलीच असू दे.